‘येतो’ म्हणून गेलेला माणूस

आमच्या सेंटरमध्ये त्यांना सगळे ‘कानवाले’ म्हणतात. झाडूवाली मावशी म्हणते, साहेब म्हणतात, बाहेरचा चहावालाही म्हणतो. खरं नाव पगाराच्या कागदावर असेल तेवढंच. मी सुरुवातीला ‘अहो’ म्हणायचे, पण मी ‘अहो’ म्हटलं आणि ते वळून बघायला लागले की मावशी तोंडाला पदर लावून हसायची, म्हणून तेही सोडलं. आता मी नुसतं ‘ऐका हो’ म्हणते. ऐकू येण्याची मशिनं विकणाऱ्या दुकानात ते शोभतंही.

मी समोरच्या टेबलावर बसते. फोन घेते, वेळा देते, तक्रारवही सांभाळते. कानवाले घरोघरी जातात. ज्या म्हाताऱ्या माणसांना जिने उतरवत नाहीत त्यांच्या घरी जाऊन बारीक बॅटरीने कानात बघायचं, दोरा बांधलेली कापसाची गोळी आत सरकवायची, पिचकारीने गुलाबी लगदा भरायचा, पाच मिनिटं थांबायचं आणि कानाचा साचा अलगद बाहेर काढायचा. हे काम त्यांच्याइतक्या हलक्या हाताने करणारा माणूस मी अकरा वर्षांत पाहिला नाही. साच्यावरून मागच्या खोलीत मशिनाचा कानात बसणारा तुकडा बनतो. तिथे तो घासायचं यंत्र आहे. ते चालू असलं की दोन्ही कानांवर जाड झाकणं लावून बसावं लागतं, दिवसभर, एकट्याने. तिथला माणूस निवृत्त झाल्यापासून ती खुर्ची रिकामी होती आणि तिथे कोणालाच बसायचं नव्हतं.

कानवाल्यांना तर मुळीच नाही. त्यांची बायको जाऊन दोन वर्षं झाली होती, मूलबाळ नाही. एकदा मी सहज विचारलं की एवढे जिने चढून पाय दुखत नाहीत का, तर म्हणाले, “आठवड्यात सात-आठ घरं होतात, ताई. तेवढीच माणसं.” वयाने माझ्याहून आठ वर्षांनी मोठे असून मला ताई म्हणतात. मी काय बोलणार! म्हटलं, मग पायाला तेल लावत जा.

तर फोन आला तो एका सकाळी. मी उचलला आणि इंग्रजी फोनला नेहमी म्हणायचे तसं म्हणाले, “येस, स्पीक.”

पलीकडून एक म्हातारा पण स्वच्छ बाईमाणसाचा आवाज इंग्रजीत म्हणाला की मला बोलायचा हुकूम सोडणाऱ्या तुम्ही कोण, पोलिसात आहात का? मी चाटच पडले. ‘हं, बोला’ याचं इंग्रजी दुसरं काय होणार, सांगा बरं! अकरा वर्षं मी लोकांना असे हुकूम सोडत आले आणि एकाही मेल्याने मला सांगितलं नाही.

या म्हणजे मागच्या गल्लीतल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या बाई. नवऱ्याच्या नोकरीपायी फार पूर्वी इकडे आल्या, नवरा गेला, त्या इथेच राहिल्या. त्यांची भाषा इथे कोणाला येत नाही, आपली त्यांना येत नाही, मधे काय ती इंग्रजीची पायवाट. उजवा कान गेलेला, डाव्याला फोन लावला तर बरंच ऐकू येई. आदल्या दिवशी कानवाले त्यांच्याकडे उजव्या कानाचा साचा काढायला गेले होते.

बाई म्हणाल्या, तुमचा माणूस काम करून निघाला आणि मला म्हणाला की मी येतोय. मी दाराची कडी काढून ठेवली. दुपारी पडते, तीही पडले नाही, कारण झोप लागली तर बेल ऐकू येणार नाही. सहा वाजेपर्यंत खुर्चीत बसून होते. तो आला नाही. हे लिहून घ्या.

“राइट इट डाउन,” त्या पुन्हा म्हणाल्या.

मी तक्रारवही ओढली आणि लिहिलं : तिसरा मजला. आमचा माणूस येतो म्हणाला. आला नाही.

कानवाले आल्या आल्या मी त्यांना फैलावर घेतलं. माझा स्वभाव तसा आहे, आधी डोकं तापतं आणि मग विचार सुचतो. म्हटलं, जमत नसेल तर कबूल कशाला करायचं? एकटी बाई दिवसभर खोळंबली! ते बिचारे शपथेवर सांगू लागले की मी परत यायचं काही बोललोच नाही. मग मी म्हटलं, थांबा. मी ती बाई. काल काय काय केलंत ते करून दाखवा.

त्यांनी खरंच सगळं केलं. बॅग ठेवली, कानात बघितल्यासारखं केलं, खोटी पिचकारी दाबली, पाच मिनिटांऐवजी पाच आकडे मोजले, साचा डबीत ठेवला. मग बॅग उचलली, दाराशी गेले, वळले, मान किंचित झुकवली आणि म्हणाले, “ओके मॅडम, आय अ‍ॅम कमिंग.”

मी एवढी हसले, एवढी हसले की मावशी झाडू टाकून धावत आली. निघताना आपण ‘जातो’ म्हणतो का? जिभेवरच येत नाही. ‘येतो’च म्हणतो. तेच त्यांनी सरळ इंग्रजीत उचलून ठेवलं होतं आणि ती बाई बिचारी शब्दाला धरून सहापर्यंत बसली.

कानवाले हसले नाहीत. त्यांनी विचारलं, “कितीपर्यंत बसल्या होत्या म्हणालात?”

“सहापर्यंत.”

ते स्टुलावर बसले. अगदी साध्या आवाजात त्यांनी सांगितलं. बायको दवाखान्यात होती. दुपारी तिने चष्मा मागितला, घरी राहिला होता. हे ‘येतो लगेच’ म्हणून निघाले. चष्मा नेहमीच्या जागी नव्हता, शोधण्यात वेळ गेला, परत पोचले तर पलंगाभोवती पडदा ओढलेला. नर्स म्हणाली, त्या सारख्या दाराकडे बघत होत्या.

“मी येतो म्हणालो होतो, ताई,” ते म्हणाले.

माझं हसू कुठल्या कुठे गेलं. मेलं तोंडच फोडून घ्यावंसं वाटलं मला.

मी बाईंना फोन करून माफी मागितली. मोडक्यातोडक्या इंग्रजीत समजावलं की आमच्या भाषेत निघणारा माणूस ‘येतो’ म्हणतो, ती नुसती बोलायची रीत आहे, त्यात वेळ ठरलेली नसते. बाईंनी विचारलं, निघणारे सगळे असंच म्हणतात? मी म्हटलं, सगळे. त्या म्हणाल्या, हं, आणि फोन ठेवला.

प्रकरण इथेच मिटायला हवं होतं. पण त्याच महिन्यात आमचं सेंटर एका मोठ्या कंपनीने घेतलं. नवे साहेब आले आणि पहिलाच फतवा निघाला की घरोघरी जाणाऱ्या माणसाला इंग्रजी बोलता आलंच पाहिजे. दीड महिन्याने कंपनीची बाई येणार, एका घरी सोबत जाणार, ऐकणार आणि मार्क देणार. पास झाला तर काम चालू. नाही झाला तर मागच्या खोलीतली खुर्ची रिकामी आहेच. साहेबांनी हे अगदी गोड आवाजात सांगितलं. कानवाल्यांचा चेहरा पांढरा पडला.

मी म्हटलं, मी शिकवते. माझं इंग्रजी म्हणजे फोनवर ऐकून ऐकून जमवलेलं, पण वासरांत लंगडी गाय शहाणी, एवढंच. रोज जेवण झालं की वीस मिनिटं. मी खुर्चीत पेशंट होऊन बसायची, ते बॅग घेऊन दारातून यायचे. पहिल्या आठवड्यात मला कळलं की हा माणूस मराठी वाक्य उचलतो, त्यातले शब्द बदलतो आणि तसंच समोर ठेवतो. कानाला दडे बसलेत का, हे विचारायचं तर ते म्हणत, “मॅडम, इज युवर इअर सिटिंग?” लहानपणी कान फुटला होता का, याचं तर, “इन चाइल्डहुड, युवर इअर ब्रेक?” मी म्हटलं, ऐका हो, त्या बाईला वाटेल तिचा कान पडला होता आणि कोणीतरी उचलून परत लावला! तेव्हा मात्र ते हसले. हसताना त्यांचे डोळे बंद होतात हे मला तोवर माहीत नव्हतं.

वाक्यं मी मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून दिली. ते ती घरी पाठ करत. एकदा सांगत होते की दाखवायला ठेवलेलं एक मशीन मी घरी नेतो, स्वतःच्या कानात घालतो आणि वाक्यं म्हणतो, म्हणजे चुकलेला शब्द मोठ्याने ऐकू येतो. मी विचारलं, उपयोग होतो का? म्हणाले, होतो, पण वाक्यं संपली की फार विचित्र वाटतं. फ्रिजचा आवाज येतो, शर्टाची बाही घासते ती ऐकू येते, आपलंच गिळणं ऐकू येतं. “घरात एवढी शांतता आहे हे मशीन घातल्यावर कळलं, ताई.”

माझ्या घरी पाच माणसं आहेत. दीर, जाऊ, त्यांची दोन मुलं आणि मी. सकाळी निघताना मी दारातून ‘येते’ म्हणते. टीव्ही चालू असतो, कोणी मान वर करत नाही. तरी मी म्हणते. हे मी त्यांना सांगितलं नाही, सांगायला हवं होतं.

बाकी सगळं हळूहळू बसलं. ‘थोडं गार वाटेल’, ‘तोंड हलवू नका’, ‘मशिनाच्या नव्या बॅटरीचा स्टिकर काढून एक मिनिट थांबा’, सगळं. अडत होतं ते शेवटचं वाक्य. मी लिहून दिलं होतं, ‘आय अ‍ॅम लीव्हिंग नाऊ, मॅडम. गुड डे.’ ते दाराशी जायचे, वळायचे आणि तोंडातून ‘आय अ‍ॅम क…’ एवढं यायचंच. मग जीभ चावायचे. मी टेबलावर हात आपटायची. ऐका हो, याच एका वाक्याची तक्रार वहीत आहे, कंपनीची बाई तेच बघणार, जीव तोडून सांगतेय मी! चौथ्या आठवड्यात एकदाचं ते वाक्य न अडखळता आलं. मी मावशीला चहा सांगायला लावला.

मागची खुर्ची रिकामी म्हणून बाईंचा तुकडा बाहेर करायला दिला होता, तो त्याच आठवड्यात आला आणि कानवाले मशीन बसवायला तिसऱ्या मजल्यावर गेले. परत आले ते गोंधळलेले. मी विचारलं, शेवटचं वाक्य? म्हणाले, बरोबर म्हणालो. लीव्हिंग नाऊ. मग?

“त्या म्हणाल्या, द अदर वन वॉज बेटर.”

आधीचं बरं होतं म्हणे! माझा पारा चढला. म्हटलं, त्यांना काय जातंय बोलायला, मार्क त्या देणार आहेत का? तुम्ही आपलं पाठ केलेलं म्हणा. ते हो म्हणाले. पण त्या दिवशी कागद घरी न्यायला विसरले.

कंपनीची बाई आली, हातात टॅब घेऊन. तरुण, नीटस, कामाशी काम. तिने तक्रारवही चाळली आणि बोट ठेवून म्हणाली, या घरी जाऊ. मला वाटलंच होतं. बाईंच्या मशिनात शिट्टी वाजत होती, ती काढायची होतीच. दोघं निघाले. निघताना कानवाल्यांनी माझ्याकडे बघून नेहमीसारखं ‘येतो’ म्हटलं. मी म्हटलं, आत्ता म्हणा काय म्हणायचं ते, तिकडे म्हणू नका.

दीड तासाने टॅबवाली एकटीच पुढे आली. मी उठून उभी राहिले. तिने मला टॅब दाखवला, तशी भली होती. स्वच्छता, पूर्ण मार्क. हात, पूर्ण मार्क. प्रश्न विचारणं, समजावणं, चांगलं, चांगलं. शेवटची ओळ लाल. निरोप घेताना ग्राहकाला चुकीची माहिती दिली. ज्या चुकीची तक्रार आधीच वहीत आहे तीच पुन्हा झाली, म्हणून बाकीचे मार्क धरता येत नाहीत. तिलाही वाईट वाटलेलं दिसलं. सॉरी म्हणाली.

कानवाले आले. मी भरलेलीच होते. म्हटलं, दीड महिना मी घसा कोरडा केला, तुम्ही रात्रंदिवस पाठ केलं, आणि ऐन वेळी जीभ घसरली? एका शब्दासाठी सगळं घालवून बसलात?

त्यांनी बॅग टेबलावर ठेवली. “घसरली नाही, ताई. म्हणालो.”

“म्हणजे?”

“वाक्य आठवत होतं. तोंडात आलंही होतं. पण त्या दार धरून उभ्या होत्या. बघत होत्या.” बॅगेचा पट्टा सारखा करत म्हणाले, “मी निघताना दार धरून कोणीतरी उभं होतं. दोन वर्षांनी. मला ‘जातो’ म्हणवेना.”

मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. रागच तेवढा आला होता. माणसांसाठी जीव टाकणारा हा माणूस, सात-आठ घरं म्हणजे याचं सगळं जग, आणि याने ते एका दारासाठी सोडून दिलं. तिसऱ्या दिवशी त्यांची बॅग नव्या माणसाला दिली गेली आणि ते मागच्या खोलीत जाऊन बसले. यंत्र सुरू झालं. पांढऱ्या झग्यात, कानांवर झाकणं, समोर दिवा, हातात कोणाच्या तरी कानाचा तुकडा. काचेतून पाठ दिसायची फक्त.

तेव्हापासून मी संध्याकाळी निघताना मागे जाते आणि दारातून ओरडून ‘येते हं’ म्हणते. ते एका कानावरचं झाकण उचलतात आणि मान हलवतात. तेवढंच आमचं दिवसभरातलं बोलणं. जेवणानंतरची वीस मिनिटं मी आता टेबलावर डोकं टेकून काढते. कोणाला शिकवायचं आणि कशाला?

पुढच्या गुरुवारी दुपारी फोन वाजला. मी आता सुधारले आहे, “गुड आफ्टरनून, हाउ मे आय हेल्प यू,” म्हणाले. पलीकडे तिसऱ्या मजल्यावरच्या बाई.

“युवर मॅन सेड ही वॉज कमिंग,” त्या म्हणाल्या.

परत दाराची कडी काढून बसल्या वाटतं, आणि आता तर त्या घरी नवा माणूस जाणार, हे कोणत्या तोंडाने सांगायचं? मी घाईघाईने सॉरी म्हणायला लागले, की ती आमची रीत आहे, तुम्हाला मागे सांगितलं होतं, त्यांची आता बदली झाली आहे, ते येणार नाहीत. त्यांनी मला मधेच थांबवलं.

“नो, नो. ही हॅज कम.”

मला आधी कळलंच नाही. मग लक्षात आलं, गुरुवार. कानवाल्यांची सुट्टी. बाई सांगत होत्या की तो आलाय, बॅग आणली नाही, खुर्चीत बसलाय, चहा पितोय आणि मला माझ्या लहानपणी माझा कान कोणी तोडला होता का ते विचारतोय. मागून कानवाल्यांचा आवाज आला. काय म्हणाले ते ऐकू आलं नाही, पण ते हसत होते.

“राइट इट डाउन,” बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मी तक्रारवही उघडली. ती जुनी ओळ सापडायला वेळ लागला नाही, टॅबवालीने तिच्याखाली लाल रेघ मारली होती. ‘आमचा माणूस येतो म्हणाला. आला नाही.’ तिच्याखाली मी तारीख घातली आणि लिहिलं : आला.

साहेबांनी पाहिलं तर विचारतील, ही काय तक्रार झाली? विचारू देत.

सहा वाजता दिवे बंद केले, टेबलाला कुलूप लावलं आणि सवयीने मागे जाऊन दारातून मोठ्याने ‘येते हं’ म्हणाले. यंत्र बंद होतं. झगा खुंटीला होता, झाकणं खुर्चीवर ठेवलेली. गुरुवार आहे हे दुपारी कळूनही मी विसरलेच होते.